क्षमाशील लोखंड

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण सारेच दुसऱ्याच्या बाबतीत मोठ्या खुशीने वापरतो. स्वतःच्या बाबतीत मात्र आपली खात्री असते की, अंगण खरोखरीच वाकडे आहे. मी गेली ३६ वर्षे गोल्फ नावाचा खेळ खेळतो आहे. ह्या ३६ वर्षांत माझे अंगण कधी ओले होते, कधी टणक होते, कधी वाऱ्यात सापडलेले होते. सरळ असे ते क्वचितच होते. तेव्हा ‘तुमचे अंगण आम्ही सरळ करून देतो’ असे सांगणारा कोणी भेटला, तर माझ्यासारख्याचा जीव त्याच्याकडे ओढ घेणार, हे ओघानेच आले. ते आश्वासन मला एका जाहिरातीत भेटले. चकचकीत लोखंडी काठ्यांचे चित्र होते आणि खाली दोनच विशेषणे होती : लांब पल्ल्याच्या आणि क्षमाशील.

क्षमाशील! हे विशेषण आपण पृथ्वीला लावतो, आईला लावतो, संतांना लावतो. मी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात सारी नोकरी काढली. कठीण पोलाद मी पाहिले आहे, चिवट पाहिले आहे, ठिसूळही पाहिले आहे; परंतु क्षमाशील पोलाद कोणत्या भट्टीतून निघाल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. ह्या विशेषणात तथ्य किती आणि दुकानदारी किती, हे पाहण्याचा मी जो उद्योग केला, त्याची हकीकत आज आपल्याला सांगणार आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. विटीदांडू खेळलेल्या माणसाला गोल्फ समजण्यास अडचण पडू नये. विटीऐवजी जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा एक लहानसा कठीण चेंडू असतो, आणि तो शेदोनशे यार्डांचे टप्पे घेत दूरच्या एका हिरवळीवरील खळग्यात घालावयाचा असतो. फरक इतकाच की, दांडू एक नसतो. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ काठ्या जवळ बाळगता येतात. त्यांपैकी निम्म्याअधिक काठ्यांच्या टोकाला लोखंडी पाते असते. पाते जितके उभे, तितका चेंडू सखल आणि दूर जातो. पाते जितके मागे कललेले, तितका तो उंच चढतो आणि जवळ पडतो. ह्या कलानुसार काठ्यांना क्रमांक दिलेले असतात. ५ नंबरची काठी लांबवर नेते, ७ नंबरची मध्यम, ९ नंबरची जवळ. शंभर वर्षांपूर्वी ह्या काठ्यांना क्रमांक नव्हते, नावे होती : क्लीक, मॅशी, निब्लिक. नावे गेली आणि क्रमांक आले. हे क्रमांक फार प्रामाणिक असतात, अशी आपली समजूत असते. त्या समजुतीचे काय होते, ते पुढे येईलच.

खेळ मूळचा स्कॉटलंडचा. परंतु आपल्या देशाशी त्याचे नाते जुने आहे. कलकत्त्यातील गोल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला आणि ब्रिटिश बेटांच्या बाहेरील तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. लोखंडी काठ्यांच्या भरभराटीचा संबंध तर एक आख्यायिका थेट विष्णूशी जोडते. पूर्वी चेंडू चामड्याचा असे व त्यात पिसे ठासून भरलेली असत. लोखंडाचा घाव चुकीचा बसला की तो फाटे. म्हणून काठ्या बहुधा लाकडी. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा टणक, स्वस्त चेंडू आला आणि लोखंडाला मोकळे रान मिळाले. असे सांगतात की, पूर्वेकडून स्कॉटलंडमधील एका घरी विष्णूची मूर्ती पाठविण्यात आली होती. तिला धक्का लागू नये म्हणून पेटीत गटापर्चाचे तुकडे भरले होते, आणि त्या तुकड्यांवरून त्या घरातील तरुणाला चेंडूची कल्पना सुचली. गोष्ट खरी असो वा नसो, लोखंडी पात्याला मोकळीक मिळाली ती चेंडू मार सोसू लागल्यामुळे, एवढे मात्र खरे. ह्या खेळातील पहिली क्षमा अशी चेंडूने केली.

पात्याची पाळी पुष्कळ उशिरा आली. जुन्या लोखंडी काठीचे पाते म्हणजे लोहाराने ऐरणीवर घडविलेला एकसंध तुकडा. दिसायला देखणा, सुरीसारखा पातळ, पाठीमागे किंचित मांसल. त्याच्या मध्यभागी नाण्याएवढी एक जागा असते; तिला आपण मर्मबिंदू म्हणू. चेंडू त्या जागी लागला, की हाताला काही लागल्याचे जाणवतच नाही. लोण्यातून सुरी फिरावी तसे वाटते. परंतु बोटाच्या पेरभर अंतराने तो टाचेकडे किंवा चवड्याकडे लागला, तर पाते हातात पिळवटते, चेंडू केविलवाणा होऊन बाजूला जातो, आणि डिसेंबरातली सकाळ असेल तर बोटांत अशी झिणझिणी उठते की, डोळ्यांत पाणी यावे. दांडूच्या शेंड्यावर विटी आदळल्याची आठवण ज्यांच्या तळव्यांत शिल्लक असेल, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

माझ्याजवळचा संच असाच होता. माझे एक वरिष्ठ निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा त्यांनी तो मला दिला. “ही काठी खोटे बोलत नाही,” एवढेच ते म्हणाले. तिने पुढे ३६ वर्षे मला खरेच सांगितले आणि ते खरे मला फारसे आवडले नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. सहा महिन्यांनी मी पुन्हा मैदानावर गेलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की, जे अंतर मी ७ नंबरच्या काठीने काटत असे, त्याला आता ५ नंबरचीही पुरत नाही. आणि ५ नंबरचे पाते इतके उभे की, माझ्या मंदावलेल्या हातांनी चेंडू हवेत चढेना. वयाची ६७ वर्षे झाली होती. आता हे पुरे करावे, सकाळी नदीकाठाने फिरायला जावे, असे घरातील मंडळींचे मत पडले. माझेही जवळजवळ तसेच ठरले होते. ती जाहिरात ह्या मनःस्थितीत माझ्यापुढे आली. तेव्हा माझे कुतूहल निव्वळ शास्त्रीय होते, असे मी म्हणणार नाही. खेळायचे की थांबायचे, हा प्रश्न त्यात होता.

प्रथम मी पोलादाची बाजू समजून घेतली. कारण ती मला समजण्यासारखी होती. ह्या विद्येचे मूळ कार्स्टन सोल्हाइम ह्या गृहस्थांपर्यंत जाते. त्यांचा जन्म १९११ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे झाला. लहानपणीच ते अमेरिकेत आले. वडील चर्मकार, आणि तरुणपणी त्यांनी स्वतःही जोडे शिवले. पुढे यंत्रविद्या शिकून ते जनरल इलेक्ट्रिक ह्या कंपनीत अभियंता झाले. सहकाऱ्यांच्या आग्रहाने ते गोल्फ खेळू लागले, तेव्हा त्यांचे वय ४२ होते. हिरवळीवर चेंडू हलकेच लोटण्याची जी काठी असते, ती त्यांच्या हातात सारखी पिळवटे. दुसरा कोणी म्हणाला असता, “नाचता येईना...” सोल्हाइम अभियंते होते; त्यांनी खरोखरीच अंगण तपासले.

त्यांना जे दिसले, ते आपल्या गावच्या डोंबाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात आखूड दांडा घेत नाही, लांब बांबू आडवा धरते. वजन शरीरापासून दूर दोन्ही टोकांना गेले, की तोल सहजासहजी ढळत नाही. कुंभाराच्या चाकाचा भार कडेला असतो, म्हणूनच एकदा फिरवलेले चाक मातीच्या गोळ्याला दाद न देता फिरत राहते. पदार्थविज्ञान सांगते की, तेवढेच वजन मध्यापासून दुप्पट अंतरावर नेले, तर पिळवटण्याला होणारा त्याचा विरोध चौपट होतो. जुन्या पात्यात सारे वजन मध्यभागी गोळा झालेले. सोल्हाइम यांनी ते मधून काढून टाच आणि चवडा ह्या दोन टोकांना नेले. पहिला नमुना त्यांनी साखरेचे दोन चौकोनी खडे आणि आइसफ्रूटच्या काड्या जोडून केला, असे सांगतात. १९५९ मध्ये त्यांनी आपल्या मोटारखान्यात अशी काठी बनवली. तिने चेंडूला स्पर्श केला की ‘पिंग’ असा आवाज येई. तेच तिचे नाव पडले. १९६७ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ ह्याच उद्योगाला लागले, आणि हेच तत्त्व लांब मारण्याच्या लोखंडी काठ्यांतही आले. पाठीमागचे लोखंड कोरून पोकळी केली आणि वाचलेले वजन कडेने फिरवले. १९८२ मधल्या त्यांच्या ‘पिंग आय २’ ह्या काठ्या जगभर गेल्या. २००० मध्ये सोल्हाइम वारले.

अशी कोरीव, कडेला जड वस्तू घणाने घडवणे अवघड. म्हणून ती ओतावी लागली. मेणाचा नमुना करावयाचा, त्यावर लेप चढवावयाचा, मेण वितळवून काढावयाचे आणि रिकाम्या जागेत धातू ओतावयाचा. ही रीत ऐकून मला हसू आले. मोहेंजोदडोची नर्तिका ह्याच रीतीने घडली, आणि बस्तरचे कारागीर आजही पितळेचे हत्तीघोडे ह्याच रीतीने घडवतात. अमेरिकेतील सुधारणेच्या पोटात आपली चारसाडेचार हजार वर्षांची कला बसलेली होती.

एवढी तयारी करून एका सकाळी मी टाटानगरहून हावड्याची गाडी पकडली. कलकत्त्यातील त्या दुकानाच्या आतल्या खोलीत एक जाळे टांगलेले होते आणि चेंडूमागे रडारचे एक लहानसे यंत्र ठेवलेले होते. चेंडू जाळ्यात अडला, तरी त्याचा वेग, चढण आणि फिरकी मोजून तो मोकळ्या मैदानात कोठे पडला असता, हे ते यंत्र पडद्यावर सांगते. मी माझी जुनी ७ नंबरची काठी मुद्दाम बरोबर नेली होती. तिने दहा चेंडू मारले. चांगले लागलेले १२० यार्डांच्या आसपास पडले. मग दुकानातील तरुणाने नवी ७ नंबरची काठी माझ्या हातात दिली. तिचे पाते रुंद होते, तळ जाड होता आणि दांडा कार्बन तंतूंचा होता. माझ्या पोलादी दांड्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. पहिलाच चेंडू १४० यार्ड गेला. मी पुन्हा मारला. पुन्हा १४०. श्रोतेहो, खोटे कशाला सांगू? क्षणभर मला खांदा नव्हता, शस्त्रक्रिया नव्हती, ६७ वर्षे नव्हती. खिशातील पैसे काढण्यासाठी माझा हात आपोआप वळला.

पण ३५ वर्षे पोलादाची तपासणी केलेल्या माणसाला एक खोड लागते. आकडा फार आवडला की तो पुन्हा मोजावासा वाटतो. मी त्या तरुणाला विचारले, “ह्या पात्याचा कल किती अंश आहे?” तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, “काका, २९ अंश.” माझ्या जुन्या काठीचा त्याने मापकावर धरून पाहिला, तो ३८ अंश भरला. मी पुढे विचारण्याचीही गरज नव्हती. २९-३० अंश म्हणजे माझ्या जुन्या संचातील ५ नंबर. मी सातशी सातची तुलना करीत होतो, आणि प्रत्यक्षात सातशी पाचची तुलना चालली होती. शिवाय दांडाही अर्ध्या इंचाने लांब होता. आकड्याचा शिक्का बदलला होता. वीस यार्डांतील बराचसा भाग त्या शिक्क्याचा होता.

ही निव्वळ लबाडी आहे, असे मात्र कोणी समजू नये. नव्या पात्यात वजन खाली आणि मागे नेलेले असते. त्यामुळे चेंडू आपोआप उंच चढतो. जुनाच कल ठेवला, तर तो नुसताच आकाशाकडे जाईल. म्हणून कल कमी करणे भागच पडते. पात्याचा पुढचा पत्रा चिवट पोलादाचा आणि पातळ केलेला असतो. तो आघाताच्या वेळी किंचित आत दबतो आणि उसळी देतो. ह्या उसळीलाही नियमांनी मर्यादा घातली आहे. चेंडू आणि पाते यांची गाठ असते सेकंदाच्या सुमारे दोनहजाराव्या भागापुरती. एवढ्या अवधीत हे सारे घडते. तेव्हा नव्या ७ नंबरची काठी जुन्या ५ नंबरइतकी उभी असूनही, जुन्या पाचपेक्षा ती चेंडू पुष्कळ सुलभपणे हवेत चढवते. आणि दुबळ्या हातांना हीच खरी मदत आहे. माझी तक्रार लोखंडाबद्दल नव्हती, त्यावरच्या आकड्याबद्दल होती. मी घरी जाऊन सांगितले असते की, मी तरुण झालो. आणि ते असत्य ठरले असते.

म्हणून मी परीक्षा पुन्हा मांडली. नव्या संचातील ९ नंबरची काठी मागितली. तिचा कल ३८ अंश; माझ्या जुन्या सातइतकाच. आता दोन्ही अंगणे सारखी झाली. ९ नंबरने मी दहा चेंडू मारले. उत्तम लागलेले चेंडू १२३-१२४ यार्ड गेले. म्हणजे लांब पल्ल्याचा डांगोरा चारच यार्डांवर आला. मी निराश झालो होतो, तोच तो तरुण म्हणाला, “काका, तुमचे चांगले फटके पाहू नका. वाईट पाहा.”

त्या मुलाच्या ह्या वाक्यासाठी मी कलकत्त्याला गेलो होतो, असे मला आज वाटते. पडद्यावर दोन्ही काठ्यांचे दहा-दहा ठिपके होते. जुन्या काठीचे चार ठिपके १२० च्या आसपास आणि बाकीचे इतस्ततः. एक तर ९५ यार्डांवरच धापा टाकीत पडलेला, दोन उजवीकडे पार रानात. नव्या काठीचे ठिपके मात्र एका अंगणात कोंबडीची पिले बसावीत तसे. सर्वांत वाईट चेंडूदेखील ११३ यार्डांवर होता. हात तेच होते, खांदा तोच होता, चुकाही तितक्याच झाल्या होत्या. पात्यावरील खुणा त्याची साक्ष देत होत्या. फरक हा, की चूक किती महाग पडावी, ह्याचा दर उतरला होता. शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात. ह्या काठ्यांची परीक्षा मात्र उत्तम शितावरून करू नये, करपलेल्या शितावरून करावी.

क्षमाशील ह्या विशेषणात तथ्य आहे, असा माझा निर्णय झाला. परंतु ती क्षमा किती आहे आणि कोठे थांबते, हेही त्याच खोलीत उमगले. हातून चेंडू मध्यापासून ढळला, तर ही काठी क्षमा करते. तुम्ही तोंडच भलत्या दिशेला करून उभे राहिलात, तर ती तितक्याच निष्ठेने चेंडू भलत्या दिशेला नेऊन पोचवते. वारा तुम्ही चुकीचा ओळखलात, पाण्यावरून मारू नये तेथे मारलात, तर तिच्याजवळ उपाय नाही. हाताची चूक ती पोटात घालते. बुद्धीची चूक घालीत नाही.

शिवाय प्रत्येक क्षमेची काही किंमत असते. कमी कलाच्या पात्याने चेंडूला फिरकी कमी मिळते. दूर जाणे हा लोखंडी काठीचा अर्धाच धर्म. हिरवळीवर पडून थांबणे हा उरलेला अर्धा. चेंडू उंचावरून पडला नाही तर तो हिरवळ ओलांडून पलीकडे धावतो, आणि मिळवलेले यार्ड डोकेदुखी होतात. दुसरे असे की, सारा संच पुढे सरकल्यामुळे शेवटी एक खिंडार पडते. पूर्वी आखूड अंतराच्या वेज नावाच्या काठीचा कल ५० अंशांच्या आसपास असे. आता ती ४३-४४ अंशांची असते. मग मधली जागा भरण्यासाठी आणखी एक काठी विकत घ्यावी लागते. दुकानदार ह्याबद्दल दुःखी नसतो; आपल्या १४ काठ्यांतील एक जागा मात्र जाते. म्हणून जो कोणी असा संच घेऊ इच्छितो, त्याला मी तीन गोष्टी सांगेन : काठीचा आकडा पाहू नका, अंश विचारा, आपल्या उत्तम फटक्यावर भाळू नका, वाईट फटके मोजा, आणि चेंडू किती दूर गेला एवढेच न पाहता, तो किती उंचावरून उतरला हेही पाहा.

मी संच घेतला. परंतु ह्या गोष्टीचा खरा शेवट दुकानात झाला नाही. तो जमशेदपूरच्या मैदानावर झाला.

माझी पिशवी वाहणारा कॅडी हा वयाने जवळजवळ माझ्याएवढाच. दलमा डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातून तो सायकलने येतो. २८ वर्षे तो माझ्याबरोबर चालला आहे. कोणत्या अंतराला माझी कोणती काठी, हे माझ्याआधी त्याला कळते. एकदा स्पर्धेतील अखेरच्या टप्प्यावर, तळ्यापलीकडे चेंडू टाकावयाचा होता, तेव्हा त्याने न बोलता ५ नंबरची काठी माझ्यापुढे केली. मी ती बाजूला सारून ७ नंबरची ओढून घेतली. चेंडू तळ्यात गेला. आणि भोवती उभ्या असलेल्या चार प्रतिष्ठितांपुढे मी म्हणालो, “ह्याने मला चुकीची काठी दिली.” तो काही बोलला नाही. त्याने ती काठी पुसली आणि पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे सहाला हजर होता. ही गोष्ट पुढे कधी आमच्या बोलण्यात आली नाही. मी ती काढली नाही, आणि त्याने काढण्याचा प्रश्नच नव्हता.

नवा संच घेऊन मी गेलो, तेव्हा त्याने प्रथम नवी ७ नंबरची काठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. मग पिशवीतील जुनी ५ नंबरची काढून दोन्ही पाती एकमेकांना टेकवून धरली. ती तंतोतंत जुळली. तो हसला आणि म्हणाला, “साहेब, हा तर आपला जुना पाचच आहे.” जे कळण्यासाठी मला रडारचे यंत्र, मापक आणि कलकत्त्याची वारी लागली, ते त्याने अर्ध्या मिनिटात सांगितले.

मी म्हटले, “तूही मारून पाहा.” कॅडी लोकांना हा खेळ परका नाही. आपल्या देशातले कितीतरी उत्तम खेळाडू ह्याच वाटेने वर आले. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडीच होते. त्याने नव्या काठीने दोन चेंडू मारले. दोन्ही सरळ गेले. मग त्याने माझी जुनी ७ नंबरची मागून घेतली आणि एक चेंडू मारला. त्या पातळ पात्यातून जो आवाज निघाला, तो ३६ वर्षांत माझ्या हातून मोजक्याच वेळा निघाला असेल. काठी परत देताना तो म्हणाला, “नवी चांगली आहे, साहेब. आपल्या खांद्याला तीच ठीक. पण मारल्यावर कोठे लागला, ते हाताला कळत नाही. जुनी लगेच सांगते.”

मी बराच वेळ त्या वाक्याशी थांबलो. क्षमेचा हा एक दोष आहे खरा. जो फार सहजपणे क्षमा करतो, तो आपल्याला आपली चूकच कळू देत नाही. झिणझिणी गेली, त्याबरोबर तिचे शिकवणेही गेले. आणि मग मनात आले की, हे फक्त लोखंडाच्या बाबतीत खरे आहे. माणसाने केलेली क्षमा अशी मुकी नसते. तळ्याच्या काठावर ज्याने मुकाट्याने काठी पुसून ठेवली, त्याच्या त्या न बोलण्याने आज २० वर्षांहून अधिक काळ माझ्या हाताला झिणझिणी येत राहिली आहे. चेंडू कोठे लागला, ते मला तेव्हाच नेमके कळले होते.

त्या सकाळी मी ते त्याला सांगितले. तळ्याकडे बोट करून म्हणालो, “त्या दिवशी काठी तू बरोबर दिली होतीस.” त्याने थोडे आठवल्यासारखे केले, खरोखर विसरला होता की नाही, कोण जाणे. म्हणाला, “वारा समोरून होता, साहेब.” आणि पिशवी खांद्याला लावून तो चालू लागला.

आता माझा क्रम असा आहे. सकाळी आधी जुन्या ७ नंबरच्या काठीने मी वीस चेंडू मारतो. ती मला माझे खरे काय ते सांगते. मग ती ठेवून नव्या काठ्यांनी खेळतो. त्या ते खरे सोसण्याजोगे करतात. खेळ चालू राहिला आहे. नव्या काठ्यांवरचे आकडे मात्र आम्ही दोघे मानीत नाही. हिरवळ १२० यार्डांवर आली, की मी म्हणतो, “सात दे”, आणि तो न बोलता ९ नंबरची काठी माझ्या हातात ठेवतो. आता ती मी बाजूला सारीत नाही.